डीबीआर-१ अपडेट: हिरवा सापडला एकदाचा!

मंडळी, माझ्या अ‍ॅस्टन मार्टिन डीबीआर-१ रेसकारच्या मॉडेलसाठीचा हिरवा सापडला! मागच्या अपडेटनंतर बॉडीला हातच लावला नव्हता, नुसतं प्लॅस्टिकच्या चमच्यांवर शेड मारून बघणं चालू होतं, त्यामुळे आज फार म्हणजे फारच भारी वाटतंय.

मी १९५९ ची ल मान (फ्रान्समधली २४ तासांची रेस) जिंकलेली ५ नंबरची अ‍ॅस्टन करतोय, सॅल्वादोरी-शेल्बी या ड्रायव्हर जोडीची. घोळ असा की ब्रिटिश रेसिंग ग्रीन म्हणून सगळीकडे जो गडद हिरवा विकतात तो हिला चालतच नाही, फॅक्टरी टीमचा हिरवा चांगलाच फिकट होता. पण किती फिकट? एका फोटोत निळसर, दुसऱ्यात पिवळट, आणि रिस्टोर केलेल्या गाड्यांचे आजचे फोटो बघावेत तर तिसरंच काहीतरी. मग परवा रात्री डोक्यात आलं, नंबरामागचा गोल तर पांढरा आहे ना, म्हणजे फोटोत तो जितका पिवळा पडलाय तितकाच हिरवाही सरकलेला असणार. प्रत्येक फोटोत आधी तो गोल पांढरा करून घेतला आणि काय सांगू, सगळे हिरवे एकमेकांच्या अगदी जवळ आले!

शेड बनवली नाक्यावरच्या गाड्यांच्या पेंटवाल्याने, प्रिंट समोर ठेवून, थेंब थेंब टाकत. बाहेरून मागवलेल्या महागड्या बाटल्यांपेक्षा हे कितीतरी बरं, माझं तरी ठाम मत झालंय. १/२४ स्केलच्या मॉडेलवर रंग जास्तच गडद दिसतो म्हणून घरी थोडा पांढरा घातला, आणि खाली पांढरा प्रायमर नको, त्यावर हा टूथपेस्टसारखा दिसतो, फिकट ग्रेच मारा.

आता राहिला क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक कोट. तो मारला की शेड परत गडद होते, आणि या पावसाळी हवेत लॅकर पांढुरकं पडतंय ते वेगळंच. रिटार्डर (सुकणं हळू करणारं द्रावण) घातलाय, कॉम्प्रेसरला हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप लावलाय (हा नसेल तर आधी तो घ्या, नवीन एअरब्रश नंतर), तरी टेस्टच्या चमच्यावर कडेला धुरकट येतंच. ऊन पडेपर्यंत बॉडी डब्यात बंद.

दरम्यान पुढच्या चाकांमागच्या व्हेंटची जाळी बसली, एकही तार न वाकता! तासभर नुसता बघत बसलो होतो.

आणि हे लिहिता लिहिताच प्लॅन बदलतोय. हीच गाडी, म्हणजे डीबीआर-१/२ नंबरची चॅसी, त्याच वर्षी ५ सप्टेंबरला इंग्लंडमधल्या गुडवुडची टूरिस्ट ट्रॉफी रेसपण जिंकली. अ‍ॅस्टन टीमची मॉस-सॅल्वादोरीची गाडी पेट्रोल भरताना पेटली, टीमचा पिट (रेसमध्ये गाडी थांबवून पेट्रोल-टायर बघायची जागा) जळाला, तेव्हा ग्रॅहम व्हाइटहेडने स्वतःची डीबीआर-१ रेसमधून काढून घेतली आणि आपला पिट टीमला दिला. मॉस मग शेल्बी-फेअरमनच्या गाडीत बसला, जिंकला, आणि स्पोर्ट्सकारची वर्ल्ड चॅम्पियनशिप पहिल्यांदा एका ब्रिटिश कंपनीकडे आली. व्हाइटहेडचं नाव जिंकणाऱ्यांच्या यादीत नाही, पण माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात मोठा माणूस तोच.

तर ल मान पूर्ण करतोच, पण दुसरी बॉडी गुडवुडची होणार, टायर पटापट बदलायला बसवलेल्या एअर जॅकसकट (हवेच्या दाबाने गाडी उचलणारे). जॅक गाडीखाली नेमके कुठे होते ते दिसेल असा फोटो कुणाकडे असेल तर टाका प्लीज, खालचा पॅन मी अजून चिकटवलेला नाही.