हर्क्युलीस सेगर्सचे डोंगर

आम्सटरडॅमच्या योर्दान भागात लिंडनग्राख्ट नावाचा रस्ता आहे. पूर्वी इथे कालवा होता, 1895 साली तो बुजवला. आता शनिवारी बाजार भरतो. चीज, मासे, फुलं, सगळं असतं. मला ओढ होती ती सतराव्या शतकातल्या डच चित्रकार हर्क्युलीस सेगर्सची. 1619 मध्ये त्याने इथेच घर घेतलं आणि खिडकीतून दिसणारी छपरं तांब्याच्या पत्र्यावर कोरली. त्या एचिंगमधलं (आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर काढलेल्या छापातलं) नोर्डरकेर्क चर्च आजही जवळच उभं आहे.

पुढे त्याने काय केलं, तर हीच घरं एका तैलचित्रात उंच कड्यांच्या पायथ्याशी नेऊन ठेवली! ते चित्र रॉटरडॅमच्या बोइमन्स संग्रहालयाचं आहे. नेदरलँड्स देश सपाट, आणि याच्या चित्रांत मात्र ओसाड, भेगाळलेले डोंगर. तो कधी डोंगराळ मुलखात गेल्याची नोंद नाही.

आधी वेळ ठरवून आम्सटरडॅमच्या राइक्सम्यूझियम या राष्ट्रीय संग्रहालयात त्याचे मूळ छाप पाहिले. त्याच्या छापांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह इथेच आहे. एकच पत्रा, पण एक छाप निळसर कागदावर, दुसरा चक्क कापडावर, वरून ब्रशने रंग दिलेला. जवळून पाहिलं तर खडकाच्या रेषांमधून कापडाची वीण दिसते. छापायचं ते एकसारख्या प्रती निघाव्यात म्हणून, अशी तेव्हाची रीत. या माणसाने प्रत्येक छाप वेगळा काढला. साखरेच्या पाण्याने ब्रश फिरवून तो फटकारा आम्लाने पत्र्यावर उतरवायची युक्तीही त्याचीच. ती पुन्हा वापरात यायला दीडेकशे वर्षं लागली.

हयातीत त्याची कदर फारशी झाली नाही. कर्जापायी 1631 मध्ये घर विकावं लागलं. त्याच्या छापांत लोणी आणि साबण बांधून देत, असं हूगस्ट्राटन या डच चित्रकार-लेखकाने 1678 मध्ये लिहून ठेवलंय. ते वाचून आजही जीव तुटतो. पण थोर डच चित्रकार रेम्ब्रांटला त्याची किंमत कळली होती. 1656 च्या मालमत्तेच्या यादीत रेम्ब्रांटच्या घरी सेगर्सची आठ चित्रं आहेत. सेगर्सचा एक पत्राही त्याने मिळवला, त्यावरचे बायबलच्या कथेतले टोबियास आणि देवदूत खरवडून काढले, तिथे इजिप्तला निघालेलं येशूचं कुटुंब कोरलं. झाडी मात्र बरीचशी सेगर्सचीच ठेवली.

छाप प्रकाशाने खराब होतात, म्हणून ते कायम भिंतीवर नसतात. जाणार असाल तर आधी चौकशी करा. तोवर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारातली छायाचित्रं मोफत आहेत. एकाच पत्र्याचे दोन-तीन छाप शेजारी-शेजारी उघडून बघा.