छातीत आतडं वाजतं तेव्हा

मी भूलतज्ज्ञ आहे. नाशकात गंगापूर रोडपासून मुंबई नाक्यापर्यंत जिथून बोलावणं येईल तिथे जाते, त्यामुळे एकाच आजाराचे पेशंट किती वेगवेगळ्या वाटांनी फिरून टेबलापर्यंत येतात ते दिसत राहतं. आज लिहायचंय श्वासपटलाच्या जन्मजात हर्नियाबद्दल (छाती-पोटामधल्या पडद्यात जन्मापासून राहिलेल्या भोकातून पोटातले अवयव छातीत सरकतात तो), तोही मोठ्या माणसांतल्या. आजार दुर्मीळ आहे, म्हणून तो चटकन कोणाच्या मनात येत नाही. मग पेशंट वर्षानुवर्षं गॅसच्या, दम्याच्या, कधी टीबीच्याही गोळ्या खात राहतो.

निफाड तालुक्यातली एक ताई. वय 38. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, लिहायला तिची हरकत नाही.) द्राक्षबागेत कामाला. विरळणी-डिपिंगच्या दिवसांत उभं राहून हात वर करून काम, तेव्हा फारसा त्रास नाही. काढणी सुरू झाली, वाकून क्रेट उचलायची वेळ आली की डाव्या बाजूला दाटून यायचं, दम लागायचा. जेवणानंतर तर हमखास. दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही. भूल देण्याआधीच्या तपासणीला ती आली तेव्हा सासूबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, ही जेवली ना, की हिच्या छातीत गुडगुड वाजतं. मी शेजारी बसले तरी मला ऐकू येतं. पण सांगितलं तर कोणी मनावर घेत नव्हतं."

मी डाव्या छातीच्या खालच्या भागावर स्टेथोस्कोप ठेवला. श्वासाचा आवाज जवळजवळ नव्हता, आणि तिथेच आतडं वाजत होतं, बेंबीजवळ वाजावं तसं स्वच्छ. हृदयाचे ठोके उजवीकडे सरकलेले. सीटी माझ्या हातात होता, काय ऐकू येणार ते माहीत होतं, तरी अंगावर काटा आला. सासूबाईंनी जे कानांनी ओळखलं होतं ते अक्षरशः खरं होतं.

हे होतं कसं? छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, म्हणजे श्वासपटल, गर्भात वेगवेगळ्या तुकड्यांतून जुळून तयार होतो. साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत हे काम पुरं व्हायला हवं. एखादा तुकडा जुळला नाही की भोक राहतं. मागच्या बाजूला, बहुतेक वेळा डावीकडे राहिलं तर तो बॉकडालेक हर्निया. प्रागमधल्या बॉकडालेक या शरीररचनातज्ज्ञाने 1848 मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे, छातीच्या हाडामागे, बहुधा उजवीकडे राहिलं तर मॉर्गान्यी हर्निया. इटलीतल्या पादुआच्या मॉर्गान्यींचा ग्रंथ 1761 चा. नवजात बाळांत हा दोष साधारण अडीच-तीन हजार जन्मांमागे एकात दिसतो आणि तिथे पहिल्या तासापासून जिवाशी खेळ असतो, कारण फुप्फुसच नीट वाढलेलं नसतं. मोठेपणी सापडणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांचं भोक लहान असतं, किंवा प्लीहा (स्प्लीन), यकृत, नाहीतर पोटातली चरबी त्याला बूच लावून बसलेली असते. पुढे कधीतरी बाळंतपण, जड उचलणं, जुनाट खोकला किंवा बद्धकोष्ठाने पोटातला दाब वाढतो आणि एकेक अवयव वर सरकायला लागतो.

या ताईचा एक्स-रे आधी एका ठिकाणी काढला होता. डावीकडे खाली पांढरं, त्यावर हवा. ‘छातीत पाणी झालंय’ असं ठरलं, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि नळी घालून पाणी काढायचं नक्की झालं. तिचं नशीब थोर, की नळीआधी एका तरुण फिजिशियनने सोनोग्राफीचा प्रोब बरगड्यांवर टेकवून पाहिला. पाण्याऐवजी आतड्याची हालचाल दिसली. त्याने नळी थांबवली आणि सीटी सांगितला.

ही पोस्ट लिहायचं खरं कारण हे आहे. अशा पेशंटच्या छातीत नळी घातली तर ती जठरात किंवा मोठ्या आतड्यात घुसू शकते. अन्नरस, मळ छातीत सांडतो आणि कालपर्यंत चालत-बोलत असलेलं माणूस आयसीयूत पोचतं. डाव्या छातीतलं ‘पाणी’ नेहमीसारखं वागत नसेल, जेवणाशी त्रासाचा संबंध असेल, एक्स-रेतल्या सावलीत हवेचे कप्पे दिसत असतील, तर सुई बाजूला ठेवून आधी सीटी करा. पेशंट अगदीच अत्यवस्थ नसेल तर तेवढा वेळ नक्की असतो. नाकातून जठरात घातलेली नळी एक्स-रेत छातीत वळून बसलेली दिसली तरी उत्तर मिळतं. पण सीटीत समोरून आणि बाजूने घेतलेले काप पाहिले की पडदा कुठे तुटलाय, भोक केवढं, वर काय काय गेलंय, त्याचा रक्तपुरवठा कसा आहे, सगळं कळतं. आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: पूर्वी अपघात झाला होता का, मार लागला होता का? मारामुळे फाटलेला पडदाही असाच दिसतो.

सापडलाय आणि त्रास नाही, मग ऑपरेशन कशाला, असं नातेवाईक हमखास विचारतात. बहुतेक सर्जन तब्येत सोसणारी असेल तर करूनच घ्या म्हणतात, आणि मला ते पटतं. आतडं त्या भोकात कधी पिळेल ते सांगता येत नाही. पिळलं, रक्तपुरवठा तुटला, काळं पडलं, की तेच ऑपरेशन मध्यरात्री, पोट उघडून, आतडं कापून करावं लागतं. गरोदरपणात तर दोन जीव टांगणीला.

आमचं काम इथे नेहमीसारखं नसतं. एरवी भूल दिल्यावर मास्कने दोन-चार श्वास देतो. इथे ती हवा जठरात गेली तर जठर छातीतच फुगतं आणि फुप्फुस आणखी दाबलं जातं. म्हणून ताईला आधी जागेपणीच रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घालून जठर रिकामं केलं, डोक्याकडची बाजू उंच ठेवली, भरपूर ऑक्सिजन देऊन झटपट भूल दिली आणि मास्कने फुंकर न घालता थेट श्वासनलिकेत नळी. नायट्रस हा भुलीचा वायू नाही, त्याने आतड्यातली हवा फुगते. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात भरायचा वायू भोकातून छातीत जातोच, म्हणून सर्जनना दाब पाऱ्याच्या 8 ते 10 मिलिमीटरएवढाच ठेवायला सांगितलं. मध्येच रक्तदाब उतरला, व्हेंटिलेटरचा दाब चढला. मी "सर, गॅस सोडा" म्हटलं आणि त्यांनी एका शब्दाचा वाद न घालता सोडला. अशा ऑपरेशनमध्ये दोघांचं हे नातं फार मोलाचं असतं.

पडद्यावर मोठं आतडं हळूहळू छातीतून खाली येत होतं, मागून जठर, मग प्लीहा. प्लीहेला सगळे जपतात, जरा ओढली की रक्त थांबत नाही. सगळं उतरल्यावर भोक दिसलं, साधारण 6 सेंटीमीटरचं, आणि त्यातून आकसलेलं फुप्फुस. न विरघळणाऱ्या धाग्याने कडा जुळवल्या, वरून आतड्याला न चिकटणारी जाळी. मला मोह होतो अशा वेळी फुप्फुस जोराने फुगवून बघायचा, पण तसं करायचं नसतं. बराच काळ दबलेलं फुप्फुस एकदम उघडलं तर त्यात पाणी भरतं. ते आपल्या गतीने उघडू द्यायचं.

दुसऱ्या दिवशी ती तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर (श्वास आत ओढून चेंडू उचलायचं व्यायामाचं साधन) एकच चेंडू उचलत होती. घरी जाताना दोन. तिसऱ्यासाठी फिजिओच्या मॅडम तिच्या मागे लागल्या होत्या.

खर्चाचं विचाराल तर महात्मा फुले योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे दाखल होण्याआधी हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या. जुन्या एक्स-रे फिल्मा फेकू नका, दहा वर्षांपूर्वीची फिल्मसुद्धा निदानाला उपयोगी पडते. आणि हा हर्निया असल्याचं माहीत असेल, अजून ऑपरेशन झालं नसेल, अशात पोटात किंवा छातीत कळ थांबेना, उलटीची उबळ येते पण पडत काही नाही, वारा सरत नाही, दम वाढतोय, असं झालं तर सकाळची वाट पाहू नका.

जाताना ताईने विचारलं, "मॅडम, क्रेट कधी उचलू?" निदान दोन महिने अजिबात नाही, आणि पुढेही सर्जननी जाळीची जागा तपासून हो म्हटल्यावरच. सासूबाई म्हणाल्या, "ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत तिला मी बागेत पाऊल टाकू देत नाही."