संस्थेच्या लिनक्सवर प्रोप्रायटरी सॉफ्टवेअर बसवताना

स्वयंसेवी संस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा डेबियन टाकणे आता अवघड राहिलेले नाही. काम निघते ते त्यानंतर. अर्ज एरियल फॉन्टमध्येच हवा असतो, बैठक झूमवर असते, प्रिंटर कॅननचा एलबीपी २९०० असतो आणि हिशेब टॅलीत असतो. ही प्रोप्रायटरी, म्हणजे कंपनीच्या मालकीची सॉफ्टवेअर आहेत. यांच्या परवान्यांतल्या अटींमुळे डिस्ट्रिब्युशनला (मिंट, डेबियन यांसारख्या लिनक्सच्या संचाला) या वस्तू स्वतःच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन साठ्यातून, सरळ वाटता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक वस्तू वेगळ्या वाटेने येते आणि वेगळ्याच ठिकाणी अडते.

फॉन्टचेच बघा. एरियल, टाइम्स न्यू रोमन, व्हर्डाना हे फॉन्ट मायक्रोसॉफ्टने १९९६ ते २००२ या काळात वेबसाठी मोफत दिले, पण मूळ एक्झी फाइल जशीच्या तशी वाटायची या अटीवर. म्हणून डेबियनमधल्या ‘एमएसकोअरफॉन्ट्स-इन्स्टॉलर’ पॅकेजात एकही फॉन्ट नसतो. ते बसवताना फाइली सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरून उतरतात. नेट मध्येच तुटले तर पॅकेज बसल्याचे दिसते आणि फॉन्ट मात्र नसतात, तेव्हा फॉन्टची यादी दाखवणारी ‘एफसी-लिस्ट’ आज्ञा चालवून खात्री करावी. परवान्याच्या पडद्यावर एंटर दाबून काहीच होत नाही. टॅब दाबून ‘ओके’वर जावे लागते. चुकून नकार दिला तर तो लक्षात ठेवला जातो, म्हणून पॅकेज ‘पर्ज’ करून (सेटिंगसकट काढून) पुन्हा बसवावे. अनेक मशीनवर स्क्रिप्टने बसवायचे असेल तर ‘डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स’ या आज्ञेने होकार आधीच नोंदवावा, नाहीतर स्क्रिप्ट त्या पडद्यापाशी थांबून राहते. मात्र तो होकार संस्थेच्या वतीने दिला जातो, त्यामुळे परवाना कोणीतरी खरोखर वाचलेला असावा.

पुष्कळदा या पॅकेजची गरजच नसते. लिबरेशन या मुक्त फॉन्टची अक्षररुंदी एरियल आणि टाइम्सइतकीच असते, कार्लिटोची कॅलिब्रीइतकी, त्यामुळे पाने सरकत नाहीत. मराठी मजकुराला ही सोय नाही. विंडोजमधला मंगल हा मराठी फॉन्ट या पॅकेजात येत नाही आणि विंडोजमधून उचलून आणणे परवान्यात बसत नाही. लोहित किंवा नोटो हा मुक्त फॉन्ट वापरला की मजकुराची लांबी बदलते. म्हणून अर्ज पीडीएफ करून पाठवावा, आणि दोन संस्थांत फाइल फिरणार असेल तर दोन्हीकडे एकच मुक्त फॉन्ट ठरवून घ्यावा.

क्रोम आणि झूम यांत एक फरक आहे, तो फार महत्त्वाचा. क्रोमची डेब फाइल (डेबियनचे पॅकेज) बसताना गूगलची रिपॉझिटरी आणि तिची पडताळणीची किल्ली जोडून देते, त्यामुळे पुढचे अपडेट नेहमीच्या अपडेटबरोबर येतात. झूमची डेब तसे करत नाही. ती एकदा बसवून विसरलेली मशीन जुन्याच आवृत्तीवर राहते. फ्लॅटहब या फ्लॅटपॅक पॅकेजांच्या साठ्यावरून घेतले तर हा प्रश्न सुटतो, पण मिंट २२ पासून पडताळणी न झालेले फ्लॅटपॅक सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मुळात दिसत नाहीत. ते प्रेफरन्सेसमधून चालू करावे लागतात.

सर्वांत जास्त वेळ खातो तो एलबीपी २९००. कॅननच्या कॅप्ट ड्रायव्हरमधले काही भाग ३२-बिट आहेत. ६४-बिट मशीनवर आधी ‘आय३८६’ (३२-बिट) आर्किटेक्चर जोडून लिबपॉप्ट आणि सी++ च्या ३२-बिट लायब्ररी बसवाव्यात. त्या नसतील तर रांगेतले काम निघून जाते आणि कागद हलत नाही. मग ‘कॉमन’ पॅकेज, त्यानंतर ‘कॅप्ट’, याच क्रमाने. पुढे ‘एलपीॲडमिन’ने रांग तयार करावी, ‘सीसीपीडीॲडमिन’ने ती प्रिंटरच्या यूएसबी उपकरणाशी जोडावी आणि ‘सीसीपीडी’ सेवा सुरू करावी. केबल लावताच सिस्टिमने आपणहून दुसरी रांग बनवली असेल तर ती काढून टाकावी, कारण लोक नेमके तिच्यावरच प्रिंट देतात. आज चालणारा प्रिंटर उद्या गप्प झाला तर उपकरणाचे नाव ‘एलपी०’चे ‘एलपी१’ झाले आहे का ते पाहावे. युडेव्ह (उपकरणांना नावे देणारी लिनक्सची सोय) याचा नियम लिहून त्याला कायमचे नाव दिले की हा त्रास संपतो.

टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनते. वर्षभराचा हिशेब वाइनच्या (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनाच्या) भरवशावर टाकू नये. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, परवाना घेतलेले विंडोज चालवणे बरे. यूएसबीवरचे डिजिटल सहीचे टोकन वापरण्यासाठी बरेच जण व्हर्च्युअलबॉक्सचे एक्स्टेन्शन पॅक टाकतात. त्याचा मोफत परवाना वैयक्तिक, शैक्षणिक वापरासाठी आणि चाचणीसाठी आहे, संस्थेच्या रोजच्या कामासाठी नाही. शिवाय ७.० आवृत्तीपासून यूएसबी २ आणि ३ चा आधार मुक्त भागातच आला आहे. वापरकर्त्याला ‘व्हीबॉक्सयूझर्स’ गटात घालून एकदा लॉगआउट करायचे, एवढेच उरते. गटात न घातल्यास यूएसबीची यादी रिकामी दिसते.

एचपी लेझरजेट १०२० ला ‘एचपी-प्लगइन’ लागते आणि त्याची आवृत्ती एचपीएलआयपीशी (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरशी) तंतोतंत जुळावी लागते. डेबियन १२ मध्ये ती ३.२२.१० आहे. नेट मंद असेल तर ‘रन’ फाइल आणि तिची सहीची फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवून ‘-पी’ पर्यायाने मार्ग द्यावा. अपग्रेडमध्ये एचपीएलआयपीची आवृत्ती बदलली की प्रिंटर थांबतो. म्हणून अपग्रेड लावण्याआधीच नव्या आवृत्तीचे प्लगइन उतरवून ठेवावे.