पाऊण किलोचं वजन आणि हलणारा सूर

रेकॉर्ड प्लेअरला रेकॉर्डखाली अंथरायची कोणती मॅट घ्यावी असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारते. प्लेअर कोणता, आणि खोलीवर स्लॅब आहे का टिन? आर्वीतलं वडिलांचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान आता मी चालवते. एलपी ऐकणारी घरं आमच्याकडे थोडीच उरलीत, पण जी आहेत ती जीव लावून ऐकतात.

एप्रिलच्या उन्हात जवळच्या खेड्यातल्या काकांचा फोन आला. कापूस-तूर करणारे शेतकरी, घरात एलपींनी भरलेलं कपाट. वसंतराव देशपांडे आपल्या मूर्तिजापूरचे, म्हणून त्यांच्या रेकॉर्डला वेगळा कप्पा. मुलानं पुण्याहून जुना थोरेन्स टीडी १६० आणून दिला होता. नंतर आवाज अजून सुधारावा म्हणून जाड फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाची मॅट आणि रेकॉर्डच्या मधोमध वर ठेवायचं पितळी वजनही मागवलं. "पोरी, हे वजन ठेवलं का गाणं रडाले लागते. मले तं वाटलं आपलेच कान गेले."

कान त्यांचे ठणठणीत होते. त्यांच्या घरी जाऊन लांबवलेला षड्ज मीही ऐकला, जागेवर उभाच राहत नव्हता.

या प्लेअरची तबकडी, म्हणजे रेकॉर्ड जिच्यावर ठेवतात ती फिरती थाळी, आणि आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, एका आतल्या चौकटीवर असतात आणि ती चौकट तीन स्प्रिंगांवर तरंगते. मोटर मात्र बाहेरच्या पत्र्यावर पक्की बसवलेली. बाहेरचे हादरे सुईपर्यंत पोचू नयेत म्हणून ही रचना. काकूंनी दिलेली लग्नपत्रिका मी तबकडीच्या कडेखाली सरकवली. वजन नसताना ती सगळीकडून सहज फिरली. वजन ठेवलं आणि मोटरच्या बाजूला अडकली. पाऊण किलोनं स्प्रिंगा दबल्या होत्या, कड पत्र्याला घासत होती आणि खाली तबकडी फिरवणारा बेल्ट मोटरच्या पुलीवर तिरपा चालत होता. मग गती कशी टिकणार? तेच वजन भक्कम बेअरिंगच्या, स्प्रिंग नसलेल्या प्लेअरवर कदाचित चाललं असतं. इथे ते काढणं हाच इलाज.

क्लॅम्पचं तसं नाही. तो मधल्या खुंटीला घट्ट धरतो आणि रेकॉर्डला खाली दाबतो. दाबाची ओढ खुंटीवरच परत जाते, त्यामुळे स्प्रिंगांवर भार येतो तो फक्त क्लॅम्पच्या स्वतःच्या वजनाचा. प्लॅस्टिकचा हलका क्लॅम्प माझ्या पेटीत होता, तो लावला.

आता मॅट. फेल्ट आमच्या हवेत मला मुळीच पटत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत रेकॉर्ड उचलली की फेल्ट तिला चिकटून वर येतं, स्थिर विजेचा चटचटाट होतो आणि कापसाचा तूस त्यात अडकून बसतो. शिवाय ही मॅट मूळच्या मॅटपेक्षा तीनचार मिलिमीटर जाड. रेकॉर्ड वर आली तेवढा आर्म मागे कलला. नेहमीच्या नऊ इंची आर्मला चार मिलिमीटरनं साधारण एका अंशाचा फरक पडतो. एक अंश फार नाही, पण आर्म नीट जुळवलेला असताना तो बिघडवायचा कशाला? मूळ रबरी मॅट कडक होऊन कडेला वळली होती. चामड्याची चांगली असते असं मी म्हटलं, तर काकू लगेच म्हणाल्या, "चामड्याचं घरात नाई पायजे, माय." विषय संपला. इंजिनाच्या पॅकिंगसाठी ऑटो स्पेअरच्या दुकानात कॉर्कची शीट मिळते. तीच मी सोबत नेली होती. मूळ मॅटच्या जाडीइतकी शीट गोल कापली.

फरक कानाला कळावा म्हणून मोटर बंद ठेवली, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवली, आवाज अगदी थोडा वाढवला आणि पेन्सिलीनं रेकॉर्डच्या कडेवर हळूच टकटक केलं. फेल्टवर स्पीकरमधून "टण्ण" आलं आणि शेपूट रेंगाळलं. कॉर्कवर नुसतं "टक". काकांनी पेन्सिल हातात घेऊन स्वतः करून पाहिलं, मग मॅट बदलून पुन्हा. मॅटचं काम एवढंच, रेकॉर्डमध्ये उठलेली थरथर शोषायची आणि तबकडीचा नाद सुईपर्यंत येऊ द्यायचा नाही. घासलेली रेकॉर्ड तिनं नवी होत नाही, आणि असं सांगून जो मॅट विकतो त्याचा मला राग येतो.

एक अडचण उरली होती. टिनाखाली उन्हाळे काढलेल्या काही एलपी बशीसारख्या वाकल्या होत्या. बशी पालथी असेल तर क्लॅम्पनं मधला भाग दबतो आणि काम होतं. पण दुसरी बाजू लावली की कड वर येते, मग मध्ये कितीही दाबा, काही होत नाही. अशा वेळी लेबलखाली एक पातळ छोटी चकती ठेवायची. मधला भाग किंचित उचलला जातो, वरून क्लॅम्प दाबला की कडा खाली येतात. उरलेल्या कॉर्कचा पातळ काप काढून चकती केली आणि वसंतरावांची वाकलेली एलपी लावली. सुई आधी नावेसारखी वरखाली होत होती, ती शांत चालू लागली. तान संपून सूर जिथे थांबतो तिथे तो थांबला. काका काही बोलले नाहीत, बाजू संपेपर्यंत उठलेही नाहीत.

नंतर आम्ही बसून एकेक रेकॉर्ड पाहिली. कोणत्या बाजूला चकती लागते ते आतल्या कागदी पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं. कपाट टिनाच्या खोलीतून स्लॅबच्या माजघरात हलवायला सांगितलं, आणि एलपी आडव्या थप्पीत नको, उभ्या आणि एकमेकींना टेकून ठेवा म्हटलं. मेच्या आत हे झालंच पाहिजे असं काकूंना वेगळं बजावलं, कारण काका तूर विकायच्या गडबडीत होते.