आप्पांची केमो आणि न जुमानणारी गाठ

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, लिव्हरमधली कॅन्सरची गाठ लिव्हरला रक्त नेणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये शिरल्याचं सीटी स्कॅनमध्ये दिसलं आणि ऑपरेशनचा विषय तिथेच संपला. सिडकोतल्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "केमो कधी सुरू करताय?" डॉक्टर केमो द्यायला का थांबतात, हे मलाही कळत नव्हतं.

आमच्या ऑन्कॉलॉजिस्ट मॅडमनी ते उलगडून सांगितलं. विषारी द्रव्यं निकामी करणं हे लिव्हरच्या पेशीचं कामच. कॅन्सर झाला तरी ती हा गुण सोडत नाही. तिच्या आवरणावरचे पी-ग्लायकोप्रोटीन या प्रथिनाचे पंप आत शिरलेलं औषध बाहेर फेकतात. शिवाय सिरॉसिसने, म्हणजे व्रण पडून घट्ट झाल्याने, थकलेलं लिव्हर मोठा डोस सोसत नाही.

पहिली पसंती अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या औषधांच्या जोडीला होती. बेव्हॅसिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी एंडोस्कोपी केली. अन्ननलिकेतल्या शिरा बऱ्याच फुगलेल्या निघाल्या, आणि खर्चही आमच्या आवाक्यातला नव्हता. मग लेन्व्हॅटिनिबच्या गोळ्या सुरू झाल्या. वजन ६० किलोच्या आत, म्हणून रोज ८ मिलिग्रॅम.

काही महिने एएफपी, म्हणजे गाठीचा माग देणारा रक्तातला आकडा, उतरला, मग पुन्हा चढू लागला. आई स्वतःलाच बोल लावत होती, आपल्याकडून पथ्यात काही राहिलं म्हणून. मॅडम म्हणाल्या, "काकू, गोळीने एक वाट अडवली की गाठ वाढायला दुसरी शोधते. तुमचं काही चुकलेलं नाही." हे मी त्यांना आईसमोर पुन्हा एकदा सांगायला लावलं. ते फार गरजेचं होतं.

त्यानंतर फॉलफॉक्स ही केमो: ऑक्सॅलिप्लॅटिन, ल्युकोव्होरिन आणि फाइव्ह-एफयू. आशियातल्या रुग्णांवरच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फॉलफॉक्सने गाठ आकसली ती शंभरात आठेक जणांची, एकट्या डॉक्सोरुबिसिनने तिघांची. मॅडमनी हे आकडे सुरुवातीलाच समोर ठेवले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आप्पांना जुना हिपॅटायटिस बी. केमोत तो विषाणू उसळू शकतो, म्हणून त्याला दाबून ठेवणारी एन्टेकॅव्हिरची गोळी एक दिवसही चुकवायची नव्हती.

ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्याला नाशिकची डिसेंबरातली थंडी फार जाचते. गार पाण्याला हात लागला की बोटांना मुंग्या, गार घोट घेतला की घसा आवळल्यासारखा. पहाटे नळाला हात लावायचा नाही, प्यायला कोमट पाणी, घरात हातमोजे. फ्रिजमधली द्राक्षंही बंद.

पुढच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेलीच होती. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातली कावीळ, चढलं होतं. या अवस्थेत केमो फायद्यापेक्षा अपायच जास्त करेल, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. आप्पा म्हणाले, "बास आता. घरी ने मला." पोटातलं पाणी काढणं, पोट साफ ठेवायला लॅक्टुलोज, दुखण्यावर मॉर्फिन, एवढंच ठेवलं. शेवटचे आठवडे त्यांना नीट झोप लागली.

मॅडमनी आम्हा भावंडांना एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी, करून घ्यायला लावली. धाकटा पॉझिटिव्ह निघाला. त्याला काहीच त्रास नव्हता. आता तो या विषाणूवरचं टेनोफोविर घेतो आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी करून येतो. तुमच्या घरात कुणाला हिपॅटायटिस बी असेल, तर ही रक्ततपासणी या आठवड्यातच करून घ्या.