क्लीव्हलंडला जाऊन मी बाक बघून आले

क्लीव्हलंडला जायचं ठरलं ते लेकीमुळे. ही अकरा वर्षांची बाई वर्षभर पिवळ्या-काळ्या टी-शर्टात वावरत होती, पाठीवर २२ नंबर. केटलिन क्लार्कचा, आयोवा विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीममधल्या स्टार खेळाडूचा. २०२४च्या महिला कॉलेज बास्केटबॉलच्या फायनल फोरचं, म्हणजे शेवटच्या चार टीमच्या सामन्यांचं, यजमानपद आमच्याच राज्यात, ओहायोत, कोलंबसपासून जेमतेम सव्वादोन तासांवर, आणि क्लार्कचं आयोवात शेवटचं वर्ष. तिकिटाची किंमत बघून मी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी उघडला तर ती आणखी वाढलेली. शेवटी फक्त फायनलची दोन तिकिटं काढली, तीही छताला टेकलेल्या रांगेतली. हॉटेलचा विचार सोडूनच द्यायचा होता. ७ एप्रिलला फायनल आणि ८ला त्याच गावावरून खग्रास सूर्यग्रहण जाणार, म्हणजे खोल्यांचे भाव काय असतील ते बघा. मैत्रिणीच्या घरी, बेसमेंटमध्ये उतरलो.

शुक्रवारच्या सेमीफायनल तिथेच टीव्हीवर बघितल्या, मैत्रिणीच्या सासूबाईंसोबत. काकू सांगलीच्या, सहा महिन्यांसाठी आलेल्या, बास्केटबॉलचा आयुष्यात संबंध नाही. साउथ कॅरोलायनानं नॉर्थ कॅरोलायना स्टेटला ७८-५९ असं सहज हरवलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. पण आयोवा-यूकॉन (कनेटिकट विद्यापीठ) सामन्यात लसूण बाजूला पडला. आयोवा एका गुणानं पुढे, ३.९ सेकंद उरलेले, चेंडू यूकॉनकडे, आणि पंचांनी त्यांच्या आलिया एडवर्ड्सवर फाउल दिला. स्क्रीन लावताना, म्हणजे आपली खेळाडू मोकळी व्हावी म्हणून समोरचीच्या वाटेत उभं राहताना, हलली म्हणून. "अगं, ती नुसती उभी होती की! शिट्टी कशाला?" काकू. मी स्क्रीन म्हणजे काय, ती लावताना पाय रोवून का उभं राहायचं असतं, हे दोन उशा उभ्या करून दाखवलं. नियमानं फाउल होताच, असं माझं मत. पण सामनाभर तसल्या धक्क्यांकडे काणाडोळा करायचा आणि शेवटच्या चार सेकंदांत नियम आठवायचा, हे मलाही पटलं नाही. आयोवा ७१-६९नं जिंकलं. लेक नाचली, काकू "अन्याय झाला" म्हणत झोपायला गेल्या.

शनिवार खाण्यात गेला.

रविवारी दुपारी तीनला फायनल, आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलायना. बाहेर रस्ताभर पिवळं-काळं. नाती, आया आणि आज्या, तिघी तिघी एकाच नंबरचा शर्ट घालून. वडील मंडळीही पुष्कळ, आणि पाठीवर मुलीचं नाव मिरवताना त्यांना काही वाटत नव्हतं. हे बघून बरं वाटलं. आत मात्र आवाज. अमेरिकेतल्या स्टेडियमवाल्यांना शांततेचं वावडं असतं. टाइमआउट झाला की गाणं, गाणं संपलं की भोंगा. लाकडी कोर्टावर बूट करकरतात तो आवाज मला ऐकायचा होता, तो वरपर्यंत आलाच नाही.

सुरुवातीलाच आयोवा १०-०. पहिल्या क्वार्टरमध्ये एकट्या क्लार्कनं १८ गुण केले, फायनलच्या इतिहासात एका क्वार्टरमध्ये एवढे कुणी केले नव्हते. तिचा तीन गुणांचा चेंडू हातातून सुटायच्या आधीच आमचा अख्खा स्टँड उभा. लेकीचा घसा तिथेच बसला.

आणि माझं लक्ष भलतीकडेच गेलं.

नागपूरला कॉलेजात असताना मी टीममध्ये होते असं मी सगळ्यांना सांगते, ते खरंच आहे. फक्त मी बाकावर होते. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत, सिमेंटच्या कोर्टाच्या कडेला, लाकडी बाकड्याच्या टोकाशी. पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांची घड्याळं आणि कानातली माझ्या ओढणीच्या गाठीत, आणि मॅच हातातून गेलीच तर शेवटची दोन मिनिटं कोर्टावर. आमचे सर बाकाकडे बघत, ते बाटली मागायला. त्यामुळे कुठलाही सामना बघताना माझी नजर आधी बाकाकडे जाते, ही जुनी खोड आहे.

साउथ कॅरोलायनाचा बाक वरून नीट दिसत होता. टीम दहानं मागे, पण तिथे कुणी मान खाली घातली नव्हती. आणि त्यांच्या प्रशिक्षक डॉन स्टेली त्यातल्या मुलींना भराभर आत पाठवत होत्या. मनगटाला घड्याळ बांधावं इतक्या शांतपणे. टेसा जॉन्सन, पहिल्या वर्षाची मुलगी, आत आली आणि थेट तीनच्या रेषेबाहेरून मारायला लागली. मिलेशिया फुलवायली, तीही पहिल्याच वर्षाची. आत येणारी कुणीच बिचकत नव्हती. चुकली तरी लगेच बाहेर ओढत नव्हते. बाकावरच्या मुलीला नेमकं हेच कधी मिळत नाही. पहिला चेंडू हुकला की ती मान वळवून सरांकडे बघते, आणि मग दुसराही हुकतो.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्टही मला ठाऊक होती. २०२३ला डॅलसमध्ये सेमीफायनलला याच दोन टीम होत्या. साउथ कॅरोलायना तोवर एकही सामना हरली नव्हती, आणि आयोवानं त्यांना ७७-७३नं घरी पाठवलं. त्या सामन्यात क्लार्कनं रेवन जॉन्सनला मोकळं सोडलं आणि हातानं झटकल्यासारखं केलं, मार की, तुझ्यानं होणार आहे का! तो व्हिडिओ जगभर फिरला. त्यानंतर साउथ कॅरोलायनाच्या सुरुवातीला कोर्टावर उतरणाऱ्या पाचही खेळाडू कॉलेज संपवून गेल्या. उरला तो बाक. रेवन त्यातलीच, आणि ब्राझीलची सहा फूट सात इंची कमिला कार्डोसोही त्यातलीच. त्याच बाकानं हा अख्खा मोसम एकही सामना न हरता काढला होता.

मध्यंतराच्या तोंडावर याच रेवननं क्लार्कच्या हातातला चेंडू मध्यरेषेजवळ हिसकावला आणि पळत जाऊन बास्केट केला. ४९-४६, साउथ कॅरोलायना पुढे. आमच्या स्टँडमध्ये एकदम शांतता, आणि त्या शांततेत मी टाळी वाजवली. लेकीनं माझ्याकडे असं बघितलं की मी हात मांडीखाली घेतले. पण पुढचा सगळा वेळ मी त्या पिवळ्या गर्दीत फितूर होऊन बसले होते, हे तिला कळलं होतं.

८७-७५. साउथ कॅरोलायना मोसमात ३८-०, म्हणजे ३८ विजय, पराभव एकही नाही. क्लार्कचे ३०, कार्डोसोचे १५ गुण आणि १७ रिबाउंड, म्हणजे हुकलेले चेंडू पकडणं. पण मला हवा होता तो आकडा वेगळाच. साउथ कॅरोलायनाच्या बाकावरून आलेल्या मुलींचे गुण ३७, त्यातले टेसाचे १९. आयोवाच्या बाकाचे शून्य. सदतीस विरुद्ध शून्य! आयोवाच्या त्या बाकावरच्या पोरींचं मला फार वाईट वाटलं, खरं सांगते. त्यांना पुरेसं खेळवलंच कुठे होतं?

स्टेलींना रडू आवरेना, आणि तशातही त्यांनी मंचावरून क्लार्कचे आभार मानले, खेळाला वर नेल्याबद्दल. हे मात्र खरंच. नंतर वाचलं की हा सामना टीव्हीवर सरासरी १ कोटी ८७ लाखांहून जास्त लोकांनी बघितला, पुरुषांच्या फायनलपेक्षा सुमारे चाळीस लाखांनी जास्त. आता "मुलींच्या मॅचला एवढे पैसे?" असं विचारणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना मी तो आकडा पाठवून दिला आहे. उत्तर आलेलं नाही.

सोमवारी ग्रहण बघितलं, जवळजवळ चार मिनिटं भर दुपारी अंधार. काकूंनी सोमवती अमावस्या आणि ग्रहण एकत्र आलं म्हणून कुणाला काही खाऊ दिलं नाही. उपाशीपोटी परत निघालो तर ग्रहण बघायला आलेलं सगळं ओहायो आमच्याच रस्त्यावर. गाडी मुंगीच्या पावलानं. दुसऱ्या दिवशी पाडवा, घरात ना काठी काढलेली ना कडुनिंब.

त्या ट्रॅफिकमध्ये लेक म्हणाली, "क्लार्क एकटी काय काय करणार? बाकीच्यांनी थोडी तरी मदत केली असती तर जिंकली असती."

मी कालपासून तेच तर म्हणतेय, असं म्हटल्यावर तिनं हेडफोन कानात घातले.