‘गेला’ म्हणजे कुठे गेला?

नाशिकहून आत्याचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत गमबूट धूत होते. २०२५ च्या ऑगस्टची गोष्ट. दिल्लीतली भटकी कुत्री उचला आणि निवाऱ्यात ठेवा, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश ११ तारखेला आला होता. २२ तारखेला तो बदलला, पण मधले दहा दिवस घराघरांत तोच विषय. आत्याच्या गल्लीत एका पोराला कुत्रा चावलेला, त्यामुळे ती तापलेलीच होती.

“अगं, एकदा आत टाकली की सुटलो आपण. पुढचं सरकार बघेल!”

मी गमबुटातलं फिनेलचं पाणी ओतून दिलं आणि गप्प बसले. कारण त्या ‘आत’मधूनच मी आत्ता परत आले होते.

उत्तर तैवानमध्ये राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. दर शनिवारी सकाळी एका सरकारी निवाऱ्यात कुत्री फिरवायला जाते. (“तिकडे कुत्री खातात ना गं?” हा प्रश्न अजून येतो, म्हणून सांगते: कुत्र्या-मांजरांचं मांस खाण्यावर २०१७ पासून इथे कायद्याने बंदी आहे.) निवाऱ्याच्या पाटीवर ‘प्राण्यांचं घर’ असं लिहिलंय. शिरताच क्लोरीनचा वास आणि नव्वद-शंभर गळ्यांचा एकदम उठलेला कल्लोळ. प्रत्येक पिंजऱ्यावर प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कार्ड: फोटो, नंबर, नर की मादी, रंग, कुठे पकडला, कोणत्या तारखेला आला. बहुतेक कुत्री काळी, इथल्या गावठी जातीची. काळ्यांना घेऊन जायला कुणी येत नाही, हे मात्र अगदी आपल्यासारखंच.

पूर्वी इथे बारा दिवसांचा हिशोब होता. आणलेल्या कुत्र्याला बारा दिवसांत कुणी न्यायला आलं नाही, तर त्याला इंजेक्शन देऊन मारायची कायद्याने मुभा होती. २०१३ साली एक माहितीपट आला, त्यात हे बारा दिवस लोकांनी डोळ्यांनी पाहिले आणि देश हलला. २०१५ मध्ये कायदा बदलला, दोन वर्षांची मुदत दिली आणि ४ फेब्रुवारी २०१७ पासून ही पद्धत बंद झाली. आता असाध्य आजार, गंभीर जखम, संसर्ग अशा कारणांसाठीच मारता येतं.

पण त्या दोन वर्षांच्या मुदतीत जे घडलं, ते आत्याला कसं सांगायचं? ताओयुआनच्या सरकारी निवाऱ्याच्या प्रमुख होत्या च्येन चिह-चेंग. पशुवैद्यक, प्राण्यांवर जीव असलेल्या. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात त्यांनी आपल्या कामाचं वास्तव सांगितलं, दोन वर्षांत सातशेच्या आसपास कुत्री मारावी लागली हेही सांगितलं. लोकांनी त्यांना खाटीक ठरवलं. मे २०१६ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. कुत्री रस्त्यावर सोडणारे, नसबंदी न करणारे, निवाऱ्याला पुरेशी माणसं न देणारे, यांच्यापैकी कुणाला कुणी काही विचारलं नाही. सिरिंज जिच्या हातात होती, जबाबदार ती एकटीच.

त्याच वर्षाच्या अखेरीस च्यायी परगण्याच्या निवाऱ्यातून सत्तरच्या आसपास कुत्री गाडीत भरून एका खासगी निवाऱ्याकडे पाठवली. तीसहून जास्त वाटेतच गुदमरून मेली. तिथे कुणीही सिरिंज उचलली नव्हती.

मारणं बंद झालं, पिंजरे मात्र होते तेवढेच राहिले. निवारे भरले की पालिका पकडायचंच कमी करते. तक्रार आली तरच गाडी निघते. सरकारी पाहणीत २०१८ साली रस्त्यावर १ लाख ४७ हजारांच्या आसपास कुत्री होती, २०२२ साली १ लाख ६० हजारांच्या जवळ. आणि आत? एका पिंजऱ्यात तीन, चार. एकाला डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग) झाला की सगळी ओळ जाते. कामगार मन लावून काम करतात, खोटं का बोलू? पण दोन माणसं शंभर वाट्या धुतील तेव्हा एखादी उलटी राहणारच.

तशी ती राहिली होती. मार्चमधला एक शनिवार. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातला तांबूस कुत्रा, एक कान मोडका. पाण्याची वाटी पालथी, डोळ्यांना चिपडं, बोलावलं तरी उठेना. आठवड्याच्या तक्त्यावर त्याच्या नावापुढे सगळ्या खुणा व्यवस्थित: खाल्लं, प्यायला, ठीक. मी वाटी भरली आणि ऑफिसमधल्या बाईंना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, “डॉक्टर सोमवारी येतात,” म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी पिंजरा रिकामा, फरशी धुतलेली. कार्डही नाही. बाई म्हणाल्या, “जोऊ ल.” गेला. माझी चिनी भाषा तेव्हा अर्धीकच्ची. मला वाटलं, कुणीतरी घरी नेला! मी हसून टाळीच वाजवली. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. चिनीतही आपल्यासारखंच, ‘गेला’ म्हटलं की झालं.

इथलं सरकार प्रत्येक सरकारी निवाऱ्याचे आकडे वेबसाइटवर टाकतं. कुणीही उघडून बघावं. किती आले, किती दत्तक गेले, किती मारले, आणि एक रकाना ‘निवाऱ्यात मृत्यू’ असा. २०१७ नंतर सगळ्यांचे डोळे ‘मारले’च्या रकान्यावर, तो आटला, टाळ्या मिळाल्या. मी आता शेजारचा बघते. तो रकाना नसता, तर तांबूस कुत्र्याचं काय झालं हे विचारायला मी कुठल्या तोंडाने गेले असते? आकडा छापलेला आहे म्हणून तरी विचारता येतं: हे इतके कशाने, डॉक्टर सोमवारीच का, तक्त्यावर खुणा कुणी केल्या?

मी विचारलंही. लेखी. उत्तर आलं, चार ओळींचं: आजारपणामुळे मृत्यू, नियमानुसार नोंद केली आहे. आता डॉक्टर गुरुवारीही येतात. माझ्या पत्रामुळे की कसं, देव जाणे.

आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं नाही. फक्त विचारलं, “आत टाकल्यावर त्यांची मोजणी कोण करणार, काही कळलं का गं?”

“मोजणी?” ती म्हणाली. “मेलीच तर मोजायची कशाला?”

मी दुसरा गमबूट धुवायला घेतला. मार्चच्या त्या रकान्यात आमच्या निवाऱ्यापुढे ११ आहे. त्यातल्या एकाचा कान मोडका होता.